जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट आणि सीडींसाठी घरात जागा कशी करावी

कापूस घरात आला की आमच्याकडे सगळ्यात आधी माझा कोपरा जायचा. दिवाळीच्या आसपास वेचणी जोरात असते, मधली खोली छतापर्यंत भरते आणि आई म्हणते, "हे डबडे उचल बाप्पा, कापूस कुठी भरू आता?" मग माझ्या गेमच्या कॅसेट कधी टिनाखालच्या माळ्यावर, कधी पलंगाखाली, कधी धान्याच्या खोलीत फिरत राहायच्या. या फिरण्यातच निम्म्या खराब झाल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात राहून हा संग्रह टिकवायचा असेल तर किती जागा लागते आणि ती कुठे शोधायची, हे मी असं नुकसान सोसून शिकलो.

पहिलं काम मोजणीचं. कपाट घेण्याआधी सगळं सामान सतरंजीवर मांडा आणि जातीनुसार ढीग करा. ९० च्या दशकात आपल्याकडे आलेले बहुतेक टीव्ही गेम ६० पिनांच्या जपानी पद्धतीच्या कॅसेटवर चालायचे. अशी कॅसेट साधारण ११ सेंटीमीटर रुंद, ७ सेंटीमीटर उंच आणि १७ मिलीमीटर जाड असते. सोनीच्या प्लेस्टेशन १ या गेम मशीनच्या सीडीची कडक डबी १४ बाय साडेबारा सेंटीमीटर आणि १ सेंटीमीटर जाड. प्लेस्टेशन २ ची उभी डबी १९ सेंटीमीटर उंच, साडेतेरा रुंद आणि दीड सेंटीमीटरच्या आसपास जाड.

आता ९० सेंटीमीटर लांबीची एक फळी घ्या. सगळं पुस्तकांसारखं उभं लावलं तर तिच्यावर प्लेस्टेशन २ च्या ५५ डब्या, सीडीच्या ८० डब्या किंवा ४५ कॅसेट आरामात बसतात. हिशेबाने थोड्या जास्त बसतील, पण बोट घालून डबी ओढता येईल एवढी फट हवी. कोंबून लावलेल्या डबीचं बिजागर तुटतंच. एकावर एक आडवा ढीग लावू नका, खालच्या डब्यांवर भार येतो आणि नेमकी खालचीच डबी हवी असते. दोन फळ्यांमध्ये २२ सेंटीमीटर उंची आणि १५ सेंटीमीटर खोली डब्यांना पुरते. मशीनसाठी मात्र ३५ सेंटीमीटर खोल फळी पाहिजे, कारण मागे वायरला वळायला जागा लागते. जुना डबा टीव्ही ठेवणार असाल तर त्याची सोय जमिनीजवळच करा. बंदुकीचे जुने गेम त्याच टीव्हीवर चालतात, एलसीडीवर नेम लागत नाही. २१ इंची टीव्हीला मागे अर्धा मीटर जागा जाते आणि तो उचलायला दोन माणसं लागतात.

जेवढी जागा निघेल तिच्यात एक तृतीयांश भर घाला. संग्रह करणाऱ्याचा हात थांबत नाही, हे मी मनापासून सांगतो.

दुसरं काम जागा निवडण्याचं, आणि खरी मेख इथेच आहे. टिनाखालचा माळा पूर्णपणे वर्ज्य. मे महिन्यात बाहेरच ४५ अंश असतं, टिनाखाली त्याहून जास्त. घरी कॉपी केलेल्या सीडींचा रंगीत थर अशा उष्णतेत आणि उजेडात लवकर मरतो. कॅसेटचं लेबल गोंद सोडून गुंडाळी होतं. पश्चिमेची भिंतही टाळा, ती रात्री उशिरापर्यंत तापलेली असते. स्लॅबच्या घरात उत्तरेकडची आतली भिंत सगळ्यात चांगली.

मग मी गार खोली निवडली आणि तिथेही फसलो. आपल्याकडे गार खोली म्हणजे कूलरची खोली. माझं कपाट खिडकीतल्या कूलरच्या बरोबर समोर होतं. दोन उन्हाळ्यांनंतर एक डबी उघडली तर आतला छापील कागद लाटेसारखा वाकून प्लास्टिकला चिकटला होता, आणि एका कॅसेटच्या पिनांवर हिरवट डाग चढले होते. कूलर पाणी उडवूनच हवा गार करतो, ती ओली हवा चार महिने कपाटात शिरत होती. त्यामुळे कपाट कूलरच्या झोताबाहेर, शक्यतो शेजारच्या खोलीत ठेवा.

धान्याची खोली तर नकोच. गहू-तुरीत किडीसाठी ज्या विषारी गोळ्या टाकतात, त्यातल्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू निघतो. तो माणसाचा जीव घेतो, त्यामुळे राहत्या घरात त्या गोळ्या असूच नयेत. तोच वायू तांब्याला खातो, आणि गेमच्या सर्किटमध्ये सगळीकडे तांबंच असतं.

कपाट लोखंडी घ्या. सागवानाचं देखणं दिसतं, पण जुन्या घरात भिंतीतून उदई (वाळवी) कधी चढेल सांगता येत नाही. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे आणि विटांवर उचलून ठेवा, म्हणजे पावसाळ्यातली ओल लागत नाही आणि मागून झाडता येतं. उंदीर वायर शिरायच्या भोकातूनच आत येतो, ते भोक जाळीने बंद करा.

भरण्याआधी कॅसेटच्या पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कानाच्या काडीने पुसून पूर्ण वाळवा. लहानपणी आपण सगळेच कॅसेटमध्ये फुंकर मारायचो, ते आता सोडा. तोंडातली वाफच पिना गंजवते. मशीन आणि रिमोटमधले सेल काढून ठेवा. कॅसेट झाकणाला रबर असलेल्या डब्यात ठेवा आणि सोबत ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी टाका. रंग बदलणारी मिळाली तर ती कधी बदलायची ते डोळ्यांना कळतं. डांबराच्या गोळ्या मात्र चुकूनही टाकू नका. सीडीच्या कडक डब्या पॉलिस्टायरिनच्या असतात, त्या गोळ्यांच्या वाफेने ते प्लास्टिक मऊ पडून चिकट होतं. कापसाच्या दिवसांत डब्यांवर जुनं धोतर किंवा चादर झाका, नाहीतर सरकी-कापसाची बारीक फुसी मशीनच्या खाचेत जाऊन बसते.

स्वतःच्या डिस्कची प्रत संगणकावर ठेवायची असेल तर तीही जागा आधी मोजा. १९८५ चा सुपर मारिओ ब्रदर्स फक्त ४० केबीचा आहे. सीडी जास्तीत जास्त ७०० एमबी, एका थराची डीव्हीडी ४.७ जीबी. म्हणजे प्लेस्टेशन २ च्या ५५ डिस्कना २६० जीबीपर्यंत लागतील, ५०० जीबीची हार्ड डिस्क पुरेल.

शेवटी डब्यांवर नंबर टाकून एका वहीत यादी करा. दसऱ्याला विळे-नांगर पुसून पूजेला मांडतात, त्याच दिवशी मी कपाट उघडतो, प्रत्येक मशीन पंधरा मिनिटं चालवतो, पुड्या बदलतो आणि वहीत टिक करतो. नंतर महिनाभरातच कापूस यायला लागतो, पण आता आई तो कोपरा सोडून भरते.