शहरातून ग्रहांचे फोटो: कलर कॅमेरा की मोनो? या चुका टाळा

शहराच्या उजेडाला घाबरून मोनो कॅमेरा (फक्त काळे-पांढरे टिपणारा; रंगासाठी लाल, हिरवा, निळा फिल्टर आळीपाळीने लावावे लागतात) घेणे ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. अंधूक तेजोमेघ टिपायचे असतील तर रस्त्यावरचे दिवे खरोखरच आडवे येतात. पण गुरू, शनी, मंगळ इतके तेजस्वी आहेत की दादर असो वा कोथरूड, आकाशाच्या उजेडाने त्यांच्या फोटोचे फारसे बिघडत नाही. बिघडवते ती हवा. दिवसभर तापलेली गच्ची रात्री उष्णता सोडत राहते, शेजारच्या एसीचे युनिट गरम झोत फेकते आणि गुरूची कडा उकळताना दिसते. कॅमेरा बदलून ते थांबत नाही.

मोनो सरस आहे हे खरे. कलर सेन्सरवर दर चार पिक्सेलमागे दोन हिरवे, एक लाल, एक निळा. मधल्या जागा सॉफ्टवेअर अंदाजाने भरते. मात्र व्हिडिओतल्या हजारो फ्रेम एकत्र करताना (यालाच स्टॅक करणे म्हणतात) ग्रह सेन्सरवर सतत थोडाथोडा सरकलेला असतो, त्यामुळे ही उणीव बरीच भरून निघते.

मोनोचा खर्च नुसत्या पैशांत मोजू नका. गुरू ९ तास ५५ मिनिटांत स्वतःभोवती फिरतो. त्याचे बिंब ४५ विकलांचे (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) असताना मध्यावरचा ठिपका मिनिटाला सुमारे पाव विकला सरकतो. आठ इंची दुर्बिणीची भेदनक्षमता, म्हणजे तिला वेगळा दाखवता येणारा सर्वांत बारीक तपशील, अर्ध्या विकलेच्या आसपास, म्हणजे दोन-अडीच मिनिटांतच सरकणे उमटू लागते. तेवढ्या वेळात लाल, हिरवा, निळा असे तीन व्हिडिओ, फिल्टर बदलणे आणि पुन्हा फोकस बसवायचा असतो. मध्येच ढग आला की निळा राहिलाच! गुरूच्या मोनो फोटोत कडेला रंगीत किनार दिसली आणि पट्ट्यांतले तपशील रंगांत एकमेकांवर बसेनात, तर कारण बहुधा हेच. विनज्युपोस या सॉफ्टवेअरमध्ये फिरणे उलटवता येते, पण नवशिक्याने पहिल्याच महिन्यात त्यात शिरू नये. मंगळाला एका फेरीला साडेचोवीस तास लागतात, तिथे ही घाई नाही.

मग मोनो कुणी घ्यावा? चंद्रवेड्यांनी बेलाशक. चंद्राला रंगाची गरज जवळपास नाहीच, आणि लांब तरंगलांबीला हवेचा त्रास कमी होत असल्याने ६८५ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड पास फिल्टर लावला की गचाळ रात्रीही विवरे बऱ्यापैकी स्थिर दिसतात. शुक्राचे ढग अतिनील फिल्टरमधून किंवा गुरू ८८९ नॅनोमीटरच्या मिथेन पट्ट्यात (मिथेन वायू शोषून घेतो त्या प्रकाशात) टिपायचा असेल, तरीही मोनोच. छोट्या दुर्बिणीला मात्र मिथेन फिल्टर फार अंधार देतो.

बाकी बहुतेकांना माझ्या मते कलरच बरा. त्यातही घोटाळे होतात. फोटो लालसर, धुतल्यासारखा येत असेल तर कॅमेऱ्यापुढे यूव्ही-आयआर कट फिल्टर (अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा) आहे का ते आधी बघा. कित्येक कॅमेऱ्यांची काच साधी असते आणि इन्फ्रारेड सरळ आत शिरते. जाळीसारखी नक्षी किंवा विचित्र रंग दिसले, तर स्टॅक करताना बायर पॅटर्न, म्हणजे सेन्सरवरच्या लाल-हिरव्या-निळ्या पिक्सेलांची मांडणी, चुकीचा निवडलेला असतो. रेकॉर्डिंग रॉ (प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात, एसईआर या व्हिडिओ फाइलमध्येच करा. बार्लो (प्रतिमा मोठी करणारे भिंग) लावताना एफ-गुणोत्तर (नाभीय अंतर भागिले दुर्बिणीचा व्यास) किती हवे, यासाठी पिक्सेलच्या मायक्रॉनला पाचने गुणा: २.९ मायक्रॉनला एफ/१४ ते १५ पुरे. त्यापुढे ग्रह मोठा होतो, तपशील वाढत नाही.

ग्रहाच्या एका कडेला निळी, समोरच्या कडेला लाल किनार आली की सेन्सरला दोष देऊ नका. वातावरणातून जाताना रंग वेगवेगळे वळतात, आणि ग्रह जितका खाली तितके जास्त. २०१९ आणि २०२० मध्ये गुरू पुण्याहून आकाशात सर्वांत उंच असतानाही ५० अंशांच्या फारसा वर गेला नाही (आणि प्रतियुती, म्हणजे ग्रह सूर्याच्या बरोबर समोर येतो ती वेळ, दोन्ही वर्षी जून-जुलैत, म्हणजे पावसाळ्यात). जानेवारी २०२६ च्या प्रतियुतीला तो मिथुन राशीत, पुण्या-मुंबईच्या जवळजवळ डोक्यावर. अशा वेळी अपस्करण सुधारक (वातावरणाने फाकवलेले रंग पुन्हा जुळवणारे उपकरण) विकत घेण्याची गरज नाही. ग्रह वर चढेपर्यंत थांबा, तोवर दुर्बीणही थंड होते.