पर्लिन वरच्या फ्लँजला, दाब खालच्या: राफ्टरला आधार कुठे द्यायचा?

प्लॅस्टिकची फूटपट्टी कडेवर उभी करा, टोकं दोन जाड पुस्तकांत अडकवा आणि मधोमध वरून बोटाने दाबा. पट्टी खाली वाकायच्या आधीच वरची कड बाजूला सटकते, पट्टी पीळ खाते. आता कुणाला तरी ती वरची कड चिमटीत धरायला सांगा. तीच पट्टी बराच जास्त भार घेते. चिमूट खालच्या कडेला लावली, तर फारसा फरक पडत नाही.

लोखंडी बीमचंही तसंच. 300 मिमी उंचीचा आयएसएमबी (I आकाराचा प्रमाणित भारतीय बीम) बाजूला वाकताना उभ्या दिशेपेक्षा अठरा-एकोणीस पट कमी ताठ असतो. बाजूला सटकते ती दाबाखालची कड, म्हणून धरायचा तो दाबाखालचा फ्लँज, म्हणजे बीमच्या वरच्या-खालच्या आडव्या पट्ट्यांपैकी दाबात असलेली पट्टी.

पहिलं काम: तो फ्लँज कुठला, हे ठरवा. एकाच भाराची आकृती बघून थांबू नका. वजनाखाली साध्या बीमचा वरचा फ्लँज दाबात असतो, आणि पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) तिथेच बसलेल्या असतात, म्हणून सगळे निश्चिंत. पण पोर्टल फ्रेममध्ये, म्हणजे खांब आणि राफ्टर (छपराचा तिरका बीम) ताठ जोडलेल्या चौकटीत, खांबाजवळ राफ्टरचा खालचा फ्लँज दाबात येतो. आणि वारा? मुंबईसाठी धरायचा वाऱ्याचा मूळ वेग 44 मी/से. 0.6 गुणिले 44 चा वर्ग, म्हणजे चौरस मीटरला सुमारे 1162 न्यूटन, किंवा 118 किलोचा दाब. पत्रे-पर्लिनचं वजन मात्र मिळून पंधरा किलोच्या आसपास. गुणांक लावून हा दाब थोडा कमी-जास्त होईल, पण छप्पर वर ओढलं जातं तेव्हा राफ्टरच्या मधल्या भागातलाही खालचा फ्लँज दाबात जातो.

मग त्या फ्लँजची मोकळी लांबी मोजा. ती निम्मी केली, की लवचीक बकलिंगची (बाजूला सटकून पीळ खाण्याआधी भार घेण्याची) क्षमता दोन ते चार पट होते. त्यासाठी पर्लिनपासून खालच्या फ्लँजपर्यंत तिरका अँगल लावतात, त्याला फ्लाय ब्रेस म्हणतात. 'साहेब, हे अँगल कशाला?' हा प्रश्न फॅब्रिकेटर विचारणारच. आयएस 800 या पोलादी बांधकामाच्या भारतीय मानकानुसार आधाराने फ्लँजमधल्या बलाच्या किमान 2.5 टक्के बल पेललं पाहिजे. 150 बाय 10 चा फ्लँज, त्यातल्या दाबाची तीव्रता 150 न्यूटन प्रति चौरस मिमी: बल 225 किलोन्यूटन, आधारावर साधारण 5.6 किलोन्यूटन. म्हणजे पावणेसहाशे किलो. एका साध्या अँगलला आणि दोन बोल्टना हे सहज जमतं.

पर्लिन स्वतः कशाला बांधली आहे, तेही बघा. छताच्या पातळीत ब्रेसिंग (तिरक्या आधारांची जाळी) नसेल, तर सगळे राफ्टर एकमेकांचा हात धरून एकाच बाजूला कलतील.

कॅन्टिलिव्हर, म्हणजे एकाच टोकाला पक्का धरलेला बीम, मात्र वेगळा. वरून भार असेल तर मोकळ्या टोकाला ताणातला वरचा फ्लँजच जास्त सरकतो; तिथे तो धरा.

उभारणीच्या वेळी पर्लिन नसतात, तेव्हा बीम पूर्ण लांबीभर मोकळा असतो. तात्पुरता आधार बांधून होईपर्यंत क्रेनचा हूक सोडू नका.