बँजोवर अडलेला कॉर्ड: ए सेव्हन की डिमिनिश्ड?

ठाण्यात बँजो म्हटलं की मिरवणुकीतला बटणांचा आठवतो; हा पाच तारांचा, ओपन जी ट्यूनिंगचा, म्हणजे तारा न दाबता छेडल्या की जी कॉर्ड वाजतो. एका गाण्यात सी आणि जी यांच्यामधला एक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) काही केल्या जुळेना. रेकॉर्डिंगचा वेग निम्मा करून खालचा सूर गुणगुणला: ई. मग तर्जनीने चारही लांब तारा दुसऱ्या फ्रेटवर (दांडीवरच्या आडव्या पट्टीवर) दाबल्या, सोबत आखूड पाचवी तार न दाबता जी, म्हणजे ए सेव्हन. जवळ, पण नको तेवढा गोड. एकेक तार वेगवेगळी छेडल्यावर चोर सापडला: तिसरी. मधल्या बोटाने ती तिसऱ्या फ्रेटवर दाबली, ए चा बी फ्लॅट झाला आणि सी शार्प डिमिनिश्ड सेव्हन मिळाला. त्यातला जी फक्त पाचवी तार देते. ती छेडायची राहिली तर कॉर्ड अपुरा. पावसाळी दमट हवेत कातडी पडदा सैलावून सूर उतरतो, म्हणून आधी ट्यूनर (सूर तपासायचं यंत्र), मग कान.