कचऱ्यातून मासा घडवताना या चुका टाळा

नागपुरात समुद्र नाही, मग समुद्राच्या प्रदूषणावर कलाकृती इथे कशाला, असं लोक विचारतात. उत्तर आपल्या नाग नदीत आहे. नाग नदी पुढे कन्हानला मिळते आणि कन्हान वैनगंगेला. वैनगंगा वर्धेला भेटून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. सीताबर्डीच्या नाल्यात पडलेली खर्ऱ्याची, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाची, पन्नी याच वाटेला लागते. काही कचरा वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात अडकतो, काही पुरात पुढे जातो.

म्हणून पहिली चूक आहे ती देवमासा किंवा डॉल्फिन करण्याची. बघणारा "वा, छान" म्हणतो आणि हा मुंबईवाल्यांचा प्रश्न समजून पुढे जातो. मरळ हा गोड्या पाण्यातला मासा करा. मरळ इथल्या बाजारात दिसतो, ताटात येतो. त्याच्या पोटात बाटल्यांऐवजी नदीकाठी वेचलेल्या खर्ऱ्याच्या पन्न्या भरा. आमच्या मरळाच्या पोटाशी एक काका बराच वेळ उभे राहिले. मग खिशातली पन्नी काढून त्यांनी हातातच घट्ट धरली. मला एवढंच हवं होतं.

खवले गळून पडतात

ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते, आणि ती मी स्वतः भोगली आहे. बाटल्यांची झाकणं ग्लूगनने चिकटवून मासा मे महिन्यात एका शाळेच्या अंगणात ठेवला. दुपारी दोनच्या सुमारास पाहिलं तर अर्धे खवले जमिनीवर आणि गोंदाचे तंतू तारांसारखे लोंबत होते. मुलांनी चार दिवस खपून लावलेले खवले होते ते. कारणं दोन. झाकणं पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलीनची असतात आणि त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर गोंद नीट धरत नाही. त्यात आपलं ऊन: हवा ४५ अंशांवर असते तेव्हा उन्हातलं गडद प्लास्टिक त्याहून कितीतरी जास्त तापतं आणि गोंद मऊ होतो.

उपाय सोपा आहे, फक्त वेळ लागतो. प्रत्येक झाकणाला हातड्रिलने दोन भोकं पाडा आणि सळ्या बांधायच्या बारीक तारेने ते माशाच्या सांगाड्याच्या जाळीवर बांधा. भोकं तापल्या सुईने पाडू नका, धूर नाकात जातो. ड्रिलचा भुसा चादरीवर गोळा करा, कारण तोही प्लास्टिकच आहे. रंगही याच कारणाने पोपडे धरतो, म्हणून रंगवूच नका. झाकणं निळी, हिरवी, केशरी अशी वेगळी केली की खवल्यांच्या छटा आपोआप मिळतात.

थर्माकोल कापू नका आणि चमकी लावू नका. दोन्हींचे कण वाऱ्याने नालीत जातात. बाहेर ठेवायची कलाकृती असेल तर झाकणं पालथी बांधा. नाहीतर पावसाळ्यात त्यांत पाणी साचून डेंग्यूचे डास होतात.

वेचताना आणि धुताना

नाग नदीत शहराचं सांडपाणी येतं. रबरी हातमोजे, गमबूट आणि लांब चिमटा नसेल तर मुलांना काठावर नेऊच नका. काचा असतात, इंजेक्शनच्या सुयाही सापडतात. वेचलेलं आधी ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवा, मग साबणाने धुवा. त्या पाण्यात ॲसिड किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. धुतलेलं पाणी कापडातून गाळूनच ओता.

सारख्या दिसाव्यात म्हणून नव्या बाटल्या विकत घेणं तर सगळा हेतूच बुडवणं आहे. आणि वेचणाऱ्या बाया ज्या बाटल्यांवर पोट भरतात, त्या त्यांच्या वाट्याला राहू द्या. ज्याला कबाडी हात लावत नाही, तेच आपण उचलायचं.

फलकावर चुकीचा मजकूर

"प्रशांत महासागरात प्लास्टिकचं बेट आहे" असं लिहू नका. पाय ठेवता येईल असं बेट तिथे नाही. मासेमारीची जाळी आणि प्लास्टिकचे बारीक तुकडे विस्तीर्ण पाण्यात विखुरलेले आहेत. समुद्रात जाणाऱ्या प्लास्टिकचा "दरवर्षी ८० लाख टन" हा आकडाही सुटा फिरतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज २०१० या एका वर्षासाठी होता, आणि तोही ४८ लाख ते १२७ लाख टन असा. त्यापेक्षा तुम्ही कुठल्या पुलाखालून, कुठल्या तारखेला, किती पन्न्या उचलल्या ते लिहा.

बडग्या करणार असाल तर

तान्ह्या पोळ्याला नागपुरात मारबत आणि बडग्या या पुतळ्यांची मिरवणूक निघते. त्यात मारबतीसोबत प्लास्टिकचा बडग्या काढायची कल्पना चांगली आहे, कारण बडग्या असतोच समाजाला चार शब्द सुनावण्यासाठी. पण शेवटी तो जाळतात. पीव्हीसी जळालं की हायड्रोजन क्लोराइड आणि डायऑक्सिन हवेत जातात, तेही गर्दीत. सांगाडा बांबूचा आणि कपडे जुने ठेवा. प्लास्टिक वरून फक्त दोरीने बांधा आणि आग लावण्याआधी सगळं उतरवा.

प्रदर्शन संपल्यावर कलाकृती कुठे जाणार, हे बांधायच्या आधीच ठरवा. तारेने बांधलेला आमचा दुसरा मासा एका दुपारी सुटा झाला. झाकणं कबाड्याने घेतली, तार पुन्हा गुंडाळून ठेवली. पन्न्या कोणीच घेत नाही. त्या धुऊन काचेच्या बरण्यांत भरल्या आहेत, पुढच्या मरळाच्या पोटासाठी.