फास्टॅगमधून चुकीचा टोल कापला गेला, तर पैसे परत कसे मिळवायचे

चुकीची कपात पकडायची तर एसएमएसवर विसंबू नका, बँकेच्या फास्टॅग पोर्टलवरून किंवा ॲपमधून स्टेटमेंट काढा. त्यात नाक्याचं नाव, लेन, रक्कम, ट्रान्झॅक्शन आयडी असतो आणि मुख्य म्हणजे दोन वेळा असतात. रीडरने टॅग वाचला ती एक वेळ, पैसे वळते झाले ती दुसरी. नाक्यावरचं नेटवर्क बंद असेल तर दुपारचा टोल मध्यरात्री कापला जातो. त्यामुळे एसएमएस अवेळी आला एवढ्यावरून तक्रार करू नका, टिकणार नाही. एकाच नाक्यावर दोनदा पैसे गेले असतील तरी आधी या वाचनाच्या वेळा जुळवून बघा. त्यांच्यात दोन-चार मिनिटांचंच अंतर असेल आणि दिशा तीच असेल, तर दुहेरी कपात समजा.

मग दर तपासा. मुंबईच्या वेशीवरचे दहिसर, ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे दोन, अशा पाचही नाक्यांवर १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून हलक्या वाहनांना टोल नाही. तिथे खासगी कारचे पैसे गेले, तर रक्कम कितीही छोटी असो, मागा. सोबत टॅगवर नोंदलेली वाहनाची वर्गवारीही पाहा. कारऐवजी व्यावसायिक वाहनाचा वर्ग पडला असेल, तर प्रत्येक नाक्यावर जादा कपात होत राहते. अशा वेळी आरसीची (वाहन नोंदणी प्रमाणपत्राची) प्रत देऊन बँकेकडून वर्ग दुरुस्त करून घ्या. नाहीतर एकदा पैसे परत आले तरी पुढच्या फेरीत पुन्हा जातील.

इलेक्ट्रिक कारला अटल सेतूवर २२ ऑगस्ट २०२५ पासून टोलमाफी आहे, तरी कपात दिसली तर आरसीवरची इंधनाची नोंद जोडून तक्रार करा. २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास मात्र फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे-वरळी सी लिंक आणि अटल सेतू राज्याचे आहेत, तिथे पास असूनही पैसे कापले गेले तर ती चूक नसते. बॅलन्स नसल्याने टॅग ब्लॅकलिस्ट झाला आणि जादा टोल बसला, तर तीही चूक धरली जात नाही.

सगळ्यात संताप येतो तो गाडी घरी उभी असताना पैसे गेले की. याचं नेहमीचं कारण म्हणजे टॅग वाचला गेला नाही म्हणून कर्मचाऱ्याने गाडीचा नंबर हाताने टाकला आणि एखादा आकडा चुकला. अशा कपातीबद्दल राष्ट्रीय महामार्गावरच्या टोल ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड झालेला आहे, त्यामुळे तक्रार करायला कचरू नका. नुसतं ‘मी तिथे नव्हतो’ म्हणू नका. त्या वेळची सोसायटीच्या गेटवरची नोंद किंवा सीसीटीव्हीचा फोटो, नाहीतर पार्किंगची पावती जोडा. सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग थोड्याच दिवसांत पुसलं जातं, म्हणून ते पहिल्याच दिवशी मागून घ्या.

तक्रार नाक्यावर नव्हे, तर ज्या बँकेने टॅग दिला तिच्याकडे करायची. ती नाक्याच्या बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे पैसे परत मागण्याचा दावा, टाकते आणि समोरच्यांना पुरावा द्यावा लागतो. पोर्टलवर ‘डिस्प्यूट’ निवडताना कारण नेमकं निवडा: दुहेरी कपात, जादा रक्कम, की गाडी तिथे नव्हती. मजकूर असा पुरे: ‘अमुक ट्रान्झॅक्शन आयडी, खानिवडे नाका, अमुक तारीख, रीडरची वेळ अमुक. या वेळी वाहन मुंबईत होतं, पुरावा सोबत. लेनमधला वाहनाचा फोटो दाखवावा अथवा रक्कम परत करावी.’ ही फोटोची मागणी गाळू नका, नंबर चुकला असेल तर दुसरीच गाडी त्यात दिसेल. आरसी, स्टेटमेंटचं ते पान आणि पुरावा जोडा, तक्रार क्रमांक जपून ठेवा. नाका राष्ट्रीय महामार्गावरचा असेल तर महामार्गाच्या १०३३ या हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा.

काही वेळा टॅग वाचला जात नाही, तुम्ही रोख भरता आणि नंतर टॅगमधूनही पैसे जातात. तिथे रोखीची पावतीच सगळं ठरवते, म्हणून ती घेतल्याशिवाय लेन सोडू नका. खरं तर राष्ट्रीय महामार्गावर टॅग चालू आणि बॅलन्स पुरेसा असताना नाक्याचंच यंत्र बिघडलं, तर गाडी फुकट सोडायचा नियम आहे. त्यासाठी शून्य रकमेची पावती मिळते, ती ठामपणे मागा.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस या तिच्या तक्रार पोर्टलवर विनाशुल्क तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ वर फोन करा. बँकेकडे केलेल्या तक्रारीचा क्रमांक आणि तारीख तिथे लागतेच.