अमेरिकेत इमिग्रेशनचा वकील निवडताना आणि त्याची फी देताना

अमेरिकेत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाचा इमिग्रेशनच्या वकिलाशी पहिला संबंध बहुधा त्याच्या स्वतःच्या निवडीतून येत नाही. एच-१बी व्हिसासाठी कंपनीने एखादी फर्म नेमलेली असते, तिच्याकडून ईमेलने प्रश्नावली येते, आपण पदवीची प्रमाणपत्रे आणि पासपोर्टच्या प्रती पाठवतो आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी मंजुरीची सूचना येते. या सवयीमुळे आपण त्या व्यक्तीला सहज ‘माझा वकील’ म्हणू लागतो. ती समजूत अर्धवट असते, आणि नोकरी जाते किंवा बदलावीशी वाटते तेव्हा तिची किंमत मोजावी लागते. म्हणून वकील किती हुशार आहे आणि किती पैसे घेतो याच्याही आधी एक प्रश्न विचारावा, आणि त्याचे उत्तर लेखी घ्यावे: या प्रकरणात तुमचा अशील कोण आहे?

एच-१बीची याचिका असो वा ग्रीन कार्डसाठीची आय-१४०, बहुतेक वेळा याचिकाकर्ती कंपनी असते. अनेक फर्म कंपनी आणि कर्मचारी अशा दोघांचे प्रतिनिधित्व करतात, तर काही फक्त कंपनीचे करतात, आणि दोन्ही व्यवस्था नियमांत बसतात. मात्र दोघेही अशील असतील, तर तुम्ही वकिलाला सांगितलेली गोष्ट कंपनीपासून गुप्त राहीलच असे नाही, आणि दोघांचे हितसंबंध एकमेकांविरुद्ध गेले तर त्या वकिलाला दोघांचेही काम सोडावे लागू शकते. ‘मी पुढच्या वर्षी नोकरी सोडली तर माझ्या प्रायॉरिटी डेटचे (ग्रीन कार्डच्या रांगेतील जागा ठरवणाऱ्या तारखेचे) काय होईल?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे, पण तो कंपनीच्या वकिलाला विचारू नये. त्यासाठी स्वतःच्या खिशातून एका तासाची फी देऊन स्वतंत्र वकिलाचा सल्ला घ्यावा. माझ्या मते भारतीय कर्मचाऱ्याने इमिग्रेशनवर खर्च केलेल्या पैशांत याहून सार्थकी लागणारा पैसा क्वचितच असेल.

भारतात जन्मलेल्यांच्या बाबतीत याला आणखी एक कारण आहे. नोकरी आणि कुटुंबाच्या मर्यादित कोट्यांतून मिळणाऱ्या ग्रीन कार्डांवर प्रत्येक देशासाठी ७ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ईबी-२ व ईबी-३ या नोकरीवर आधारित प्रवर्गांतील भारतीयांची रांग त्यामुळे दहा वर्षांहूनही लांब झाली आहे. एवढ्या काळात नोकऱ्या बदलतात, कंपन्या विकल्या जातात, मुले २१ वर्षांची, म्हणजे पालकांच्या अर्जातून बाहेर पडण्याच्या वयाची, होत येतात. कंपनीची फर्म कंपनीबरोबर बदलते. तुमची फाइल मात्र तुमचीच असते आणि ती सांभाळणारे कोणीतरी लागते.

सगळ्याच कामांना वकील लागत नाही. कधी अटक झाली नसेल, करभरणा नियमित असेल आणि दीर्घकाळ देशाबाहेर राहिलेले नसाल, तर नागरिकत्वाचा एन-४०० हा अर्ज सूचना नीट वाचून स्वतः भरता येतो. परंतु आईच्या आजारपणासाठी पुण्यात किंवा सांगलीत सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहावे लागले असेल, तर सलग वास्तव्याबद्दल शंका घेतली जाते, आणि तेव्हा अर्जापूर्वी सल्ला घ्यावा. नोकरी गेल्यास एच-१बी धारकाला देशात राहण्यासाठी जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत मिळते, आणि आय-९४ची (कधीपर्यंत राहता येईल हे दाखवणाऱ्या प्रवेशनोंदीची) मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढीच. त्यामुळे वकिलाचा शोध लेऑफच्या पत्रानंतर सुरू करणे म्हणजे मौल्यवान आठवडे वाया घालवणे होय. अमेरिकेत राहूनच ग्रीन कार्ड मिळवण्यासाठीचा आय-४८५ हा अर्ज १८० दिवस प्रलंबित राहिल्यानंतर त्याच किंवा तत्सम कामाची नोकरी बदलता येते, पण ‘तत्सम’ म्हणजे काय हे ठरवताना जाणकाराचा आधार हवा. घटस्फोट, मुलाचे वय आणि कोणत्याही प्रकारची अटक, मग ती दारू पिऊन गाडी चालवल्याची का असेना, या तीन बाबतींत एक दिवसही थांबू नये. अटकेच्या प्रकरणात गुन्हा कबूल करण्यापूर्वी फौजदारी वकील आणि इमिग्रेशनचा वकील यांचे एकमेकांशी बोलणे झालेच पाहिजे. कबुलीमुळे हद्दपारीचा धोका असल्यास फौजदारी वकिलाने तसे अशिलाला सांगणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली पडिला विरुद्ध केंटकी या खटल्यात दिला आहे.

आता निवडीकडे वळू. इमिग्रेशनचा कायदा संघराज्याचा असल्यामुळे कोणत्याही एका राज्याचे वैध लायसन्स असलेला वकील तुमचे काम देशभर कुठूनही करू शकतो. न्यू जर्सीत राहणाऱ्याने न्यू जर्सीतलाच वकील शोधावा असे बंधन नाही. पण लायसन्स तपासलेच पाहिजे. वकिलाला त्याचे राज्य विचारावे आणि त्या राज्याच्या बारच्या (वकिलांच्या अधिकृत संघटनेच्या) किंवा न्यायालयाच्या अधिकृत संकेतस्थळावर त्याचे नाव शोधावे. तिथे लायसन्सची सद्यस्थिती दिसते, आणि अनेक राज्यांत शिस्तभंगाची कारवाईही दिसते. इमिग्रेशन न्यायालये चालवणारा न्याय खात्याचा विभागही कारवाई झालेल्या वकिलांची यादी प्रसिद्ध करतो. ही सारी तपासणी दहा मिनिटांत होते.

येथे ‘नोटरी’ या शब्दाविषयी सावध करणे आवश्यक आहे. भारतात नोटरी सहसा अनुभवी वकील असतो, म्हणून त्या पाटीवर आपला विश्वास चटकन बसतो. अमेरिकेतील नोटरी पब्लिक प्रामुख्याने सहीची ओळख पटवतो. केवळ त्या नात्याने कायदेशीर सल्ला देण्याचा त्याला अधिकार नाही. तोच नियम ट्रॅव्हल एजंट, कर भरून देणारे अकाउंटंट आणि ‘इमिग्रेशन कन्सल्टंट’ यांनाही लागू आहे. वकील नसूनही ज्यांना अधिकार आहे असा मुख्य वर्ग म्हणजे न्याय खात्याने मान्यता दिलेले प्रतिनिधी. ते मान्यताप्राप्त ना-नफा संस्थांमध्ये काम करतात आणि आई-वडिलांच्या ग्रीन कार्डासारखी कौटुंबिक कामे कमी फीत करून देतात.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात किंवा व्हॉट्सॲपच्या गटात मिळालेली शिफारस शोधाची सुरुवात म्हणून चांगली. पण शिफारस करणाऱ्याचे प्रकरण आणि तुमचे प्रकरण एकाच जातीचे आहे का, हे पाहावे. मित्राचे एच-१बी उत्तम करून देणारा वकील इमिग्रेशन न्यायालयात कधी उभाही राहिलेला नसू शकतो. एआयएलए या इमिग्रेशन वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेचे सदस्यत्व ही चांगली खूण आहे, परंतु ते प्रावीण्याचे प्रमाणपत्र नाही. कॅलिफोर्निया, टेक्सास, फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलायना या राज्यांत मात्र इमिग्रेशन कायद्यातील तज्ज्ञ म्हणून अधिकृत प्रमाणपत्र मिळवता येते.

वकील मराठी बोलणारा असावा असा आग्रह धरण्याची गरज नाही. त्याला आपले कागद समजले पाहिजेत. जुन्या पिढीच्या जन्माची नोंद पुष्कळदा ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत झालेलीच नसते, किंवा दाखल्यात बाळाचे नाव नसते. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचे प्रमाणपत्र आणि माहीतगार नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रे कशी जोडावीत, हे त्याने तुम्हाला न अडखळता सांगता आले पाहिजे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव मधले, पासपोर्टवर ते गाळलेले, लग्नानंतर मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदललेले, हे आपल्याकडे नित्याचे आहे. ज्याला याचे आश्चर्य वाटते, तो तुमच्या प्रकरणावर शिकणार आहे. मराठी कागदपत्रांच्या इंग्रजी भाषांतरासोबत, भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपण ते करण्यास सक्षम आहोत, असे भाषांतरकाराचे सही केलेले प्रमाणपत्र लागते. यूएससीआयएसला (इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या सरकारी कार्यालयाला) ते नोटरीकडून साक्षांकित केलेले लागत नाही, तेव्हा त्यासाठी वेगळा खर्च कोणी सांगितला तर कारण विचारावे.

पहिल्या भेटीची फी बरेच वकील घेतात आणि ती देण्यात काही गैर नाही. त्या तासाचा उपयोग व्हावा म्हणून एका पानावर तारखा लिहून न्याव्यात: अमेरिकेतील प्रत्येक प्रवेश, प्रत्येक स्टेटस, नाकारलेला प्रत्येक व्हिसा आणि झालेली प्रत्येक अटक, ती नंतर निकालात निघाली असली तरी. वकिलाशी सल्ल्यासाठी केलेले बोलणे, पुढे त्याला नेमले नाही तरी, गोपनीय असते. त्यामुळे लाजेपोटी काहीही झाकू नये. मग आपण विचारावे: माझ्या प्रकरणातील सर्वांत कमकुवत बाजू कोणती? काम प्रत्यक्ष कोण करणार, तुम्ही की पॅरालीगल (वकिलाचा सहाय्यक)? आरएफई (अधिक पुराव्यांची सरकारी मागणी) आली तर उत्तर कोण लिहिणार? ईमेलला किती दिवसांत उत्तर मिळेल? कमकुवत बाजू प्रामाणिकपणे सांगणारा वकील निवडावा. मंजुरीची हमी देणारा, कार्यालयात ओळख असल्याचे सुचवणारा किंवा एखादी गोष्ट अर्जात ‘लिहायची गरज नाही’ असे सांगणारा कितीही स्वस्त असला तरी तिथून उठून यावे, कारण अर्जावर खोटे लिहिल्यास सजा होईल हे मान्य करणारी सही तुमची असते.

फीचे दोन भाग असतात आणि ते वेगळे लिहून घ्यावेत. सरकारी फी हा पहिला भाग. १ एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या दरपत्रकात प्रौढ व्यक्तीच्या आय-४८५साठी १,४४० डॉलर आणि एन-४००साठी कागदी अर्जाला ७६०, तर ऑनलाइन अर्जाला ७१० डॉलर ठरवले गेले. अर्ज पाठवण्याच्या दिवशी यूएससीआयएसच्या संकेतस्थळावर फी पुन्हा पाहावी, कारण चुकीच्या रकमेचा अर्ज परत येतो. २८ ऑक्टोबर २०२५पासून हे कार्यालय कागदी अर्जांसोबत सर्वसाधारणपणे चेक घेत नाही. क्रेडिट वा डेबिट कार्डाने पैसे भरण्यासाठी जी-१४५० आणि बँक खात्यातून भरण्यासाठी जी-१६५० हा फॉर्म लागतो. त्यावरील रक्कम स्वतः तपासावी.

दुसरा भाग वकिलाच्या कामाचा. अर्जांच्या कामाला बहुधा ठरावीक एकरकमी फी असते, तर न्यायालयीन कामाला काही जण तासावर फी लावतात. एकरकमी फी ऐकायला सोपी वाटते, पण तिच्यात काय येते हे कळेपर्यंत दोन वकिलांच्या आकड्यांची तुलना करता येत नाही. पती-पत्नी आणि मुलांचे अर्ज, आरएफईचे उत्तर, मुलाखतीला सोबत, कुरिअर आणि प्रती, अर्ज परत आल्यास पुन्हा दाखल करणे, यांतील प्रत्येक गोष्ट आत आहे की बाहेर, हे करारपत्रात असले पाहिजे. कॅलिफोर्नियात खर्च १,००० डॉलरपेक्षा जास्त होण्याचा अंदाज असल्यास सामान्यतः लेखी करार लागतो. न्यूयॉर्कमध्ये फी ३,००० डॉलर किंवा अधिक असेल तर लेखी पत्र द्यावे लागते. तुमच्या राज्यात तसा नियम नसला, तरी कराराशिवाय पैसे देऊ नयेत. रिटेनर म्हणून आगाऊ घेतलेली रक्कम सामान्यतः वकिलाच्या स्वतःच्या खात्यात न जाता अशिलांच्या ट्रस्ट अकाउंटमध्ये राहते आणि काम होईल तशी काढली जाते. ती कुठे ठेवणार हे विचारण्यात संकोच नसावा. ‘कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असे कलम दिसले तर सही करण्यापूर्वी थांबावे. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च स्तरावरील न्यायालयाने १९९४ साली परत न मिळणारे रिटेनर आचारसंहितेविरुद्ध ठरवले आहेत. टप्प्याटप्प्याने, फर्मच्या नावे आणि पावती घेऊन पैसे द्यावेत.

काही फी तुम्ही द्यायचीच नसते, आणि याविषयी आपल्या लोकांत फार अज्ञान आहे. पर्म म्हणजे लेबर सर्टिफिकेशनच्या (ग्रीन कार्डसाठी कंपनीने श्रम खात्याकडून घ्यायच्या मंजुरीच्या) तयारीचा आणि वकिलाचा खर्च १६ जुलै २००७ पासून कंपनीनेच करावा लागतो. तो कर्मचाऱ्याकडून आधी, नंतर किंवा पगारातून कापून घेता येत नाही. एच-१बीच्या याचिकेसाठी वकिलाची फी हा कंपनीचा व्यावसायिक खर्च मानला जातो आणि तो तुमच्यावर टाकून कायद्याने ठरवलेले किमान वेतन कमी करता येत नाही. याचिकेतील ७५० किंवा १,५०० डॉलरची प्रशिक्षण निधीची फी तर कर्मचाऱ्याकडून कोणत्याही प्रकारे घेता येत नाही. काही छोट्या कन्सल्टन्सी नवख्या मुलांकडून ही रक्कम रोखीने घेतात, आणि स्टेटसच्या भीतीने मुले गप्प राहतात. त्यांनी ईमेल आणि पगाराच्या स्लिप जपून ठेवाव्यात. श्रम खात्याच्या वेतन विभागाकडे डब्ल्यूएच-४ या फॉर्मने तक्रार करता येते. आय-१४० आणि आय-४८५ यांचा खर्च मात्र कर्मचाऱ्याने करण्यास मनाई नाही, म्हणून ऑफर स्वीकारतानाच तो कोण देणार हे लिहून घ्यावे.

वकील नेमल्यावर तो जी-२८ हा फॉर्म भरतो आणि सरकारी पत्रव्यवहार त्याच्याकडे जाऊ लागतो. तरीही पत्ता बदलल्यास १० दिवसांत कळवण्याची जबाबदारी तुमचीच राहते. दाखल झालेल्या अर्जाची जोडपत्रांसह संपूर्ण प्रत त्याच आठवड्यात मागून घ्यावी. माझ्या पहिल्या याचिकेची प्रत मी मागितली नव्हती. पुढे कंपनी बदलताना नव्या वकिलाने पदाचे वर्णन मागितले, तेव्हा जुन्या फर्मकडून ते मिळवण्यात पाच आठवडे गेले, आणि त्या काळातील घालमेल मी विसरलेलो नाही.

वकील बदलण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. नवा वकील नवा जी-२८ दाखल करतो, आणि जुन्याने काम न झालेल्या भागाची आगाऊ फी व तुमचे कागद परत करायचे असतात. फीवरून वाद झाल्यास अनेक राज्यांच्या बारमध्ये लवादाची सोय आहे, आणि वकिलाने पैसे लुबाडले असतील तर राज्याच्या अशील संरक्षण निधीकडे भरपाई मागता येते. इमिग्रेशन न्यायालयात वकील ठेवण्याचा हक्क आहे, पण त्याचा खर्च सरकार करत नाही. तिथे जुन्या वकिलाच्या चुकीमुळे प्रकरण हरले असेल, तर ते पुन्हा उघडण्यासाठी इमिग्रेशन अपील मंडळाच्या १९८८च्या लोझाडा निर्णयानुसार प्रतिज्ञापत्र, त्या वकिलाला लेखी सूचना आणि बारकडे तक्रार, किंवा ती न केल्याचे कारण, हे सारे मांडावे लागते. जुना वकील फाइल देण्यास टाळाटाळ करत असेल तर केवळ त्याच्यावर विसंबून राहू नये. माहिती अधिकाराच्या संघीय कायद्याखाली यूएससीआयएसकडे स्वतःच्या फाइलची मागणी ऑनलाइन करता येते, आणि उत्तराला वेळ लागत असल्यामुळे ती मागणी वकील बदलण्याचे ठरेल त्याच दिवशी नोंदवावी.