महापालिकेची जाहीर सूचना मुदतीत कळावी म्हणून फीड कशी लावायची

विकास आराखड्यातलं जमिनीवरचं आरक्षण बदलायचं असेल, तर एमआरटीपी कायद्याच्या (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा) कलम ३७ खाली जाहीर सूचना निघते आणि हरकतींसाठी एक महिना मिळतो. हा महिना सूचनेच्या तारखेपासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. आठवण झाली की संकेतस्थळ उघडायचं, या सवयीत अर्धी मुदत निघून जाते. फीड (आरएसएस) म्हणजे संकेतस्थळावरच्या नव्या नोंदींची आपोआप अद्ययावत होणारी यादी. ती फीड वाचक या प्रकारच्या ॲपमध्ये लावली की नवी नोंद आपणहून फोनवर येते.

आधी फीड आहे का ते बघा. सूचनांच्या पानाचा पत्ता फीड वाचकात चिकटवला, तर बहुतेक वाचक फीड स्वतःच शोधतात. नाही सापडली, तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजी अक्षरांत ‘फीड’ लिहा (/feed). वर्डप्रेस या संकेतस्थळ बांधायच्या प्रणालीवर उभ्या असलेल्या संकेतस्थळांवर हे बऱ्याचदा चालतं. मुखपृष्ठापेक्षा त्या-त्या विभागाच्या पानाला जोडलेलं बरं, नाहीतर निविदा आणि उद्घाटनांच्या गर्दीत नेमकी सूचना हरवते. शिवाय वर्डप्रेसची फीड मुळात शेवटच्या १० नोंदीच दाखवते.

आता एक पडताळणी कराच: सूचनांच्या पानावरची सर्वांत ताजी सूचना फीडमध्ये दिसते का? वर्डप्रेसच्या मुख्य फीडमध्ये मुळात फक्त ‘पोस्ट’ या प्रकारात साठवलेल्या नोंदी येतात. सूचना वेगळ्या प्रकारात साठवल्या असतील, तर फीड व्यवस्थित चालू दिसते, बातम्याही येत राहतात, पण सूचना एकही येत नाही.

वाचक निवडताना शक्यतो फोनवरूनच थेट फीड ओढणारा घ्या. अँड्रॉइडवर फीडर, आयफोनवर नेटन्यूजवायर, संगणकावर थंडरबर्ड. फीडली, इनोरीडर सोयीचे आहेत, पण ते स्वतःच्या परदेशातल्या सर्व्हरवरून फीड आणतात आणि आपली अनेक सरकारी संकेतस्थळं परदेशातून आलेली विनंती अडवतात. ब्राउझरमध्ये फीड उघडते आणि वाचकात मात्र त्रुटी दाखवते, तेव्हा आधी हीच शंका घ्या. अँड्रॉइडवर त्या ॲपची बॅटरी बचत बंद करा, नाहीतर ॲप उघडेपर्यंत काहीच येत नाही, असं होऊ शकतं.

फीडच नसेल, तर पानातला बदल टिपणारं साधन लावा. चेंजडिटेक्शन किंवा डिस्टिल चालेल. संपूर्ण पानावर नजर ठेवू नका, फक्त सूचनांचा तक्ता निवडा. तळाचा भेट देणाऱ्यांचा आकडा आणि ‘शेवटचे अद्यतन’ची तारीख सारखी बदलते. अशा खोट्या इशाऱ्यांना कंटाळून माणूस आठवडाभरात साधनच बंद करतो. जोडीला गूगल अलर्टही लावता येतो. त्यात इंग्रजी अक्षरांत ‘साइट’ लिहून त्यापुढे अपूर्णविराम देऊन (site:) महापालिकेचा पत्ता आणि पुढे ‘हरकती’ लिहा, आणि ईमेलऐवजी आरएसएस फीड निवडा. अर्थात गूगलने टिपलेलंच त्यात येतं, म्हणून एकट्या त्याच्यावर विसंबू नका.

ठरावीक शब्द असलेल्याच नोंदी दाखवणारी चाळणी (फिल्टर) जपून लावा. ‘पाणीपुरवठा’ आणि ‘पाणी पुरवठा’, ‘प्रभागरचना’ आणि ‘प्रभाग रचना’ अशी दोन्ही रूपं घाला. कितीतरी पीडीएफ स्कॅन केलेल्या किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमधल्या असतात. डोळ्यांना ‘हरकती’ दिसतं, पण शोधाच्या लेखी स्कॅनमध्ये अक्षरंच नसतात आणि जुन्या फाँटमध्ये नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी असते. म्हणून चाळणी नोंदीच्या शीर्षकावर लावा. शीर्षकं नुसती ‘जाहीर सूचना क्र. ५’ अशी येत असतील, तर चाळणी काढून टाका आणि सगळ्या नोंदी बघा.

फीड महिनाभर गप्प असेल, तर मूळ पान हातानं उघडून बघा. संकेतस्थळ नव्या पत्त्यावर गेलं की जुनी फीड बहुधा काही न सांगता थांबते.

सूचना आली की पीडीएफ त्याच दिवशी उतरवून ठेवा. फीडमधली तारीख संकेतस्थळावर चढवल्याची असते, सूचनेवरची वेगळी असू शकते. मुदत सूचनेवरच्या तारखेवरूनच मोजा. हरकतीत सूचनेचा जावक क्रमांक लिहा आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या.